बॅन्फच्या डोंगरात पहिल्यांदा जाताय? उन्हाळ्यातल्या पायवाटा आणि हिवाळ्यातलं स्कीइंग, दोन्हींची तयारी

सप्टेंबरमधल्या एका सकाळी सात वाजता आम्ही चौघं भाड्याची गाडी घेऊन मोरेन लेक या तळ्याच्या फाट्यावर उभे होतो. बूट बांधलेले, डबे भरलेले, मुलं मागच्या सीटवर टक्क जागी. रस्ता बंद होता. २०२३ पासून त्या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी आहे, वर जायला बसचं आरक्षण लागतं आणि त्या दिवसाच्या जागा केव्हाच संपल्या होत्या. डोंगर चढायची तयारी आम्ही दोन महिने केली होती. डोंगराच्या पायथ्याशी पोहोचायची तयारी कुणीच केली नव्हती.

त्यानंतर आम्ही पुन्हा गेलो, फेब्रुवारीत, स्की शिकायला. त्या दोन खेपांत जे जे अडलं आणि जे जे उशिरा कळलं, ते इथे क्रमाने लिहितोय.

आधी जागेची ओळख करून घ्या. बॅन्फ राष्ट्रीय उद्यान कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, रॉकी पर्वतरांगेत आहे. स्थापना १८८५ ची, कॅनडातलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ ६,६४१ चौरस किलोमीटर. ‘उद्यान’ शब्दावर जाऊ नका, याला एक कुंपण आणि एक दार असं काही नाही. देशाचा मुख्य महामार्ग त्याच्या पोटातून जातो आणि आत माणसांच्या दोन वस्त्या आहेत. एक बॅन्फ गाव, समुद्रसपाटीपासून १,३८३ मीटर उंचीवर. दुसरी त्याहून छोटी लेक लुईस, गाडीने पाऊण तासावर. सगळ्यात जवळचा मोठा विमानतळ कॅलगरीचा. तिथून बॅन्फ गाव दीड-दोन तासांवर आहे.

१. आधी ऋतू ठरवा, मग तारखा

‘चालणं आणि स्की, दोन्ही एकाच खेपेत उरकू’ असं मनात असेल तर ते आत्ताच काढून टाका. मे महिन्यात खालच्या पायवाटा मोकळ्या असतात आणि वर एखादा स्कीचा डोंगर चालू असतो हे खरं, पण तेव्हा दोन्ही अर्धवट मिळतात. उंचावरच्या सुंदर वाटा बर्फाखाली असतात आणि स्कीचा बर्फ दुपारपर्यंत पाणचट होतो.

उंचावरच्या पायवाटांवरचा बर्फ साधारण जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हटतो. लेक लुईसचं तळंसुद्धा मेअखेरीपर्यंत किंवा जूनच्या सुरुवातीपर्यंत गोठलेलं असू शकतं. निळ्या-हिरव्या पाण्याचे फोटो पाहून मेमधली तिकिटं काढणारे बरेच जण पांढरं तळं पाहून परततात. जुलै-ऑगस्टमध्ये हवा सगळ्यात चांगली, पण गर्दीही सगळ्यात जास्त. शिवाय ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर आला तर समोरचा डोंगरही दिसत नाही.

माझं मत विचाराल तर चालण्यासाठी सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा घ्या. लार्च नावाचे सूचिपर्णी वृक्ष तेव्हा पिवळेधमक होतात. बाकीचे सूचिपर्णी बारमाही हिरवे राहतात, लार्च मात्र पानं गाळतो, आणि गाळण्याआधीचे दहा-बारा दिवस अख्खी दरी सोनेरी दिसते. थंडीची तयारी ठेवा. सप्टेंबरात बर्फ पडणं तिथे नवलाचं नाही.

स्कीचा हंगाम नोव्हेंबरपासून, आणि उंचावरच्या सनशाइन व्हिलेज या स्कीच्या डोंगरावर तो मेपर्यंत चालतो. नवख्यांनी फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च निवडावा. डिसेंबर-जानेवारीत दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि पारा उणे ३० पर्यंत उतरू शकतो. त्या थंडीत शिकणाऱ्याचे हाल होतात, कारण शिकणारा हलतो कमी आणि बर्फात बसतो जास्त.

२. कागदपत्रं

• पासपोर्ट आणि कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा. बोटांचे ठसे द्यावे लागतात, त्यामुळे काही महिने आधी अर्ज करा. अमेरिकेत ग्रीन कार्डवर राहणाऱ्यांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. पण एच-वन व्हिसावर राहणाऱ्या भारतीयांना कॅनडाचा व्हिसा लागतोच. ‘शेजारचाच देश आहे’ म्हणून हे राहून जातं. परत अमेरिकेत शिरताना आपले कागद चालतील ना, हेही निघण्याआधी बघा.

• गाडी भाड्याने घेणार असाल तर मूळ लायसन्स, सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, आणि चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड.

• प्रवास विमा. पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी स्वतः वाचा. पुष्कळ साध्या पॉलिसींत स्कीइंग आणि ठरावीक उंचीवरचं गिर्यारोहण वगळलेलं असतं. परदेशी पाहुण्याला तिथे सरकारी आरोग्यसेवा मोफत मिळत नाही, आणि मोडलेल्या पायाचा खर्च सगळ्या सहलीपेक्षा मोठा होऊ शकतो.

• उद्यानाचा पास. महामार्गावरून न थांबता पुढे जाणाऱ्याला तो लागत नाही. थांबणार, चालणार, राहणार असाल तर लागतोच. तो पार्क्स कॅनडा या सरकारी संस्थेकडून घ्यायचा. अलीकडच्या वर्षांत प्रौढाचा दिवसाचा पास ११ कॅनेडियन डॉलरच्या आसपास होता. तो दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत चालतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. एका गाडीतल्या सात जणांपर्यंत कुटुंब-पास मिळतो. आठवड्याहून जास्त राहणार असाल किंवा वर्षभरात पुन्हा येणार असाल तर डिस्कव्हरी पास हा वार्षिक पास स्वस्त पडतो.

घरून खाऊ नेत असाल तर विमानतळावर कस्टमच्या फॉर्ममध्ये तो जाहीर करा. जाहीर केल्याने फार तर वस्तू काढून घेतात, लपवलं तर दंड होतो.

३. मुक्काम

तीन पर्याय आहेत: बॅन्फ गाव, लेक लुईस आणि उद्यानाच्या हद्दीबाहेरचं कॅनमोर. कॅनमोर बॅन्फपासून गाडीने पंचवीस मिनिटांवर असून बहुतेक वेळा स्वस्त पडतं. गाडी नसेल तर मात्र बॅन्फ गावातच राहा, सगळ्या बस तिथून सुटतात. स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर सोडू नका. पहाटे निघायचं असतं तेव्हा खाण्याची दुकानं उघडलेली नसतात.

तंबूत राहायचं असेल तर जागांचं आरक्षण वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत उघडतं आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार पटापट भरतात. लेक लुईसच्या तंबूतळाभोवती विजेचं कुंपण आहे, अस्वलं बाहेर राहावीत म्हणून. मुलांना त्याचं फार अप्रूप वाटलं.

४. तळ्यांपर्यंत पोहोचणं

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

मोरेन लेकचा रस्ता साधारण जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच खुला असतो आणि त्या काळातही तुमची गाडी वर जात नाही. वर जायचे मार्ग म्हणजे पार्क्स कॅनडाची शटल बस, रोम ट्रान्झिट ही स्थानिक बससेवा, परवानाधारक खासगी बस, नाहीतर सायकल. पार्क्स कॅनडाची शटल लेक लुईसच्या स्की डोंगराच्या वाहनतळावरून सुटते. गाडी तिथे लावायची आणि बसने वर जायचं. त्याच आरक्षणावर मोरेन लेक आणि लेक लुईस या दोन तळ्यांना जोडणारी बसही मिळते, म्हणजे एका दिवसात दोन्ही तळी होतात.

आरक्षणाची रीत अशी: काही जागा वसंतात एकदम खुल्या होतात, आणि उरलेल्या, ज्या निम्म्याहून जास्त असतात, प्रवासाच्या दोन दिवस आधी सकाळी आठ वाजता सुटतात. हे आठ तिथले, माउंटन टाइमचे. पहिल्या फेरीत जागा मिळाली नाही म्हणून बेत सोडू नका. दोन दिवस आधी सकाळी पावणेआठला खातं उघडून, कार्डाची माहिती भरून तयार बसा. त्याच सप्टेंबरच्या खेपेत आमची नंतरची जागा अशीच मिळाली. आरक्षणाचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा, नेटवर्कचा भरवसा नाही.

लेक लुईसच्या काठापर्यंत गाडी जाते, पण हंगामात वाहनतळाचं शुल्क चांगलंच आहे आणि तो उजाडायच्या सुमारास भरतो. ‘सकाळी नाश्ता करून निघू’ म्हणणाऱ्याला तिथे जागा मिळत नाही. बसनेच जा.

जॉन्स्टन कॅन्यन या धबधब्यांच्या घळीला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिकडे जाणारा जुना रस्ता, बो व्हॅली पार्कवे, त्याचा बॅन्फकडचा टप्पा वसंतात आणि सप्टेंबरमध्ये सायकलींसाठी राखून ठेवतात. तेव्हा गाडीने कॅसल जंक्शनकडून वळसा घालून यावं लागतं. नकाशाचं ॲप नेहमीच हे सांगत नाही.

५. पायवाट कशी निवडायची

इथल्या वाटा रुंद, आखलेल्या आणि पाट्या लावलेल्या आहेत. सह्याद्रीत भटकलेल्यांना त्या सोप्या वाटतील, आणि तिथेच चूक होते, कारण इथे उंची आणि हवा हिशेबात धरावी लागते. अंतर न बघता चढाचे मीटर बघा.

पहिल्या दिवशी टनेल माउंटन करा. गावातूनच वाट निघते, एका बाजूने सुमारे २.४ किलोमीटर, चढ साधारण २६० मीटर. विमानप्रवासाचा शीण आणि पातळ हवा, दोन्हींचा अंदाज येतो. छोटी मुलं किंवा ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर जॉन्स्टन कॅन्यन. खालचा धबधबा १.२ किलोमीटरवर, वरचा अडीच किलोमीटरवर, आणि वाट कड्याला ठोकलेल्या लोखंडी पुलांवरून जाते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लेक लुईसच्या काठावरून लेक ॲग्नेसला चढा. एका बाजूने साडेतीन किलोमीटर, चढ सुमारे ४०० मीटर. वर तळ्याकाठी लाकडी चहाघर आहे. रेल्वे कंपनीने ते १९०१ मध्ये चालणाऱ्यांच्या आसऱ्यासाठी बांधलं आणि १९०५ पासून तिथे चहा मिळू लागला. वरपर्यंत गाडीरस्ता नाही, ताजा माल कामगार पाठीवरून आणतात. तुमचा कचरा तिथे टाकू नका, खाली घेऊन या.

पाय तयार झाले की मग मोरेन लेकवरून लार्च व्हॅली: ४.३ किलोमीटर, ५३५ मीटर चढ. तिथून पुढे सेंटिनेल पास ही खिंड, २,६११ मीटर उंच. तळ्यापासून एका बाजूने ५.८ किलोमीटर, एकूण चढ ७२५ मीटर, आणि शेवटचा टप्पा सुट्या दगडांच्या उतारावरून नागमोडी जातो. आम्ही खिंडीच्या खालच्या छोट्या तळ्यांपाशी पोहोचलो तेव्हा पलीकडून ढग आले आणि दहा मिनिटांत गारा सुरू झाल्या. धाकटीचे हातमोजे ओले झाले होते. तिथूनच परत फिरलो. खिंड राहिली याची हळहळ मला अजून वाटते, तरी तो निर्णय मी पुन्हा तसाच घेईन.

अस्वलांचा वावर वाढला की लार्च व्हॅलीसारख्या काही भागांत किमान चार जणांनी, एकत्र आणि जवळजवळ चालण्याचा नियम लागू करतात. तो कायदेशीर आदेश असतो, मोडला तर दंड होतो. एकट्या-दुकट्याने आलेले लोक वाटेच्या तोंडाशी गट जमवतात. आमच्यासोबत एक आजी आल्या होत्या, एकट्या फिरणाऱ्या. दिवसभर त्यांनी मुलांना झाडांची नावं शिकवली.

रोज सकाळी निघण्याआधी पार्क्स कॅनडाच्या संकेतस्थळावर दोन पानं बघा: पायवाटांची सद्यस्थिती आणि सूचना-इशारे. काल उघडी असलेली वाट आज बंद असू शकते. म्हणून दर दिवसासाठी दुसरा बेत तयार ठेवा. गावातल्या माहिती केंद्रात जाऊन विचारलंत तर आणखी उत्तम, तिथली माणसं तुमची मुलं आणि तुमचे बूट बघून खरा सल्ला देतात.

६. अस्वल आणि एल्क

बॅन्फमध्ये काळी अस्वलं आहेत आणि ग्रिझलीही आहेत. घाबरून घरी बसू नका, पण नियम पाठ करा.

अस्वल-स्प्रे प्रत्येक चालणाऱ्या मोठ्या माणसाकडे हवा, आणि तो कमरेला हवा. पिशवीच्या तळाशी ठेवलेल्या स्प्रेचा काही उपयोग नाही. विमानात तो हातातल्या सामानात चालत नाही आणि चेक-इनमध्येही चालत नाही, म्हणून तिथे पोहोचल्यावर विकत किंवा भाड्याने घ्यायचा. दुकानदाराकडून खटका कसा काढायचा ते शिका आणि मुदतीची तारीख बघा. डासांच्या औषधासारखा तो अंगावर मारायचा नसतो. अस्वल अंगावर येत असेल तर ते काही मीटरांवर आल्यावर त्याच्या तोंडाच्या दिशेने मारायचा.

चालताना बोला, गा, हाळी द्या. वळणावर, झऱ्याच्या आवाजाजवळ आणि दाट झुडपांत तर नक्कीच. दुकानात मिळणाऱ्या छोट्या घंटा पुरत नाहीत, त्यांचा आवाज फार जवळून ऐकू येतो. अस्वल दिसलंच तर पळू नका. मुलांना जवळ घ्या, शांत आवाजात बोलत, त्याच्याकडे पाठ न करता मागे सरका आणि त्याला जायला वाट द्या.

अंतराचा नियम: अस्वल, लांडगा, कायोटी, प्यूमा यांच्यापासून १०० मीटर. एल्क, हरण, मूस, डोंगरी मेंढ्या यांच्यापासून ३० मीटर. एल्क हा सांबरासारखा मोठा प्राणी, गावाच्या हिरवळीवरही येऊन चरतो, आणि लोक त्याच्याजवळ जाऊन फोटो काढतात. सप्टेंबर-ऑक्टोबर हा नरांच्या माजाचा काळ, मे-जून हा पिल्लांचा. या दोन्ही काळांत तो माणसावर धावून येतो.

प्राण्यांना खायला घालणं गुन्हा आहे, खारीलासुद्धा. दंड २५,००० डॉलरपर्यंत होऊ शकतो. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल पुढे वस्तीत शिरतं आणि बऱ्याचदा त्याला मारावं लागतं, म्हणून हा नियम इतका कडक आहे. ड्रोन उडवायलाही बंदी आहे. महामार्गावर तुम्हाला झाडं लावलेले रुंद पूल दिसतील, ते प्राण्यांसाठी आहेत. उद्यानात असे सहा पूल आणि ३८ भुयारी मार्ग आहेत, आणि अस्वलं, लांडगे, एल्क ते खरोखर वापरतात. मला तिथली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटली.

७. अंगावर काय, पाठीवर काय

सुती कपडे घरी ठेवा. सुती बनियन घामाने भिजतं, वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. जीन्स त्याहून वाईट. तीन थर हवेत: आतून लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, मध्ये फ्लीस, बाहेरून वारा-पाणी अडवणारं जॅकेट. चढताना मधला थर काढा, थांबलात की लगेच घाला. घाम येऊ न देणं हीच थंडीपासूनची खरी राखण आहे.

चालण्याच्या पिशवीत: दीड-दोन लिटर पाणी, लागेल त्याहून थोडं जास्त खाणं, टोपी आणि हातमोजे (ऑगस्टमध्येही), डोक्याचा दिवा, प्रथमोपचार, आधी उतरवून घेतलेला नकाशा, शिट्टी, चार्जिंगची बॅटरी. गावाबाहेर पडलं की बऱ्याच ठिकाणी फोन लागत नाही. लांबच्या वाटेला जाणार असाल तर सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने घ्या, आणि मुक्कामी कुणाला तरी ‘अमुक वाटेला जातोय, अमुक वाजेपर्यंत येऊ’ असं सांगून जा. आणीबाणीला ९११.

८. हिवाळ्यातला रस्ता

बर्फात गाडी चालवायची सवय नसेल तर चालवू नका. विमानतळावरून बॅन्फला बस येतात आणि गावातून तिन्ही स्की डोंगरांना शटल जातात. आम्ही फेब्रुवारीत गाडी घेतलीच नाही आणि एकदाही अडलं नाही.

घेतलीत तर हिवाळी टायर मागून घ्या. टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असतं, ते स्वतः बघा. लेक लुईसहून जॅस्परकडे जाणाऱ्या आइसफील्ड्स पार्कवेवर १ नोव्हेंबर ते १ एप्रिल योग्य टायर किंवा साखळ्या कायद्याने बंधनकारक आहेत. हा सुमारे २३० किलोमीटरचा रस्ता फार देखणा आहे, पण हिवाळ्यात त्यावर लेक लुईस ते जॅस्पर कुठेही पेट्रोल मिळत नाही आणि जवळजवळ सगळ्या वाटेवर नेटवर्क नाही. टाकी भरलेली, गाडीत पांघरूण, खाणं, फावडं, आणि दिवसाउजेडीच. हिमस्खलनाच्या धोक्यामुळे तो रस्ता कधीकधी बंद करतात. निघण्याआधी अल्बर्टाची ५११ ही रस्त्यांची सेवा बघा.

९. पहिल्यांदा स्की

उद्यानात तीन स्की डोंगर आहेत. नॉरक्वे गावापासून दहा मिनिटांवर, तिघांत लहान आणि सगळ्यात जुना, १९२६ पासूनचा. काही संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात स्की चालतं. सनशाइन व्हिलेज खूप उंच, माथा २,७३० मीटर. वाहनतळावरून गोंडोलाने, म्हणजे रोपवेच्या बंद डब्याने, वर जायचं, आणि बर्फ नैसर्गिक. लेक लुईस सगळ्यात पसरलेला, माथा २,६३७ मीटर.

पहिले दोन दिवस नॉरक्वेला जा. उतार लहान, रांगा छोट्या, थकलात तर खोली जवळ. थोडा हात बसला की सनशाइन किंवा लेक लुईस. तिन्ही ठिकाणी चालणारं एकत्रित तिकीटही असतं. तिकिटं ऑनलाइन जितक्या आधी घ्याल तितकी स्वस्त. खिडकीवरचा दर सगळ्यात महाग.

सामान विकत घेऊ नका, भाड्याने घ्या, आणि आदल्या संध्याकाळी घ्या. सकाळी नऊला त्या दुकानात उभं राहण्यात तुमचा निम्मा धडा जाईल. बूट हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढे किंचित टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवले की मागे सरकला पाहिजे. नडगीला बूट सगळीकडून सारखा लागला पाहिजे. टाच वर उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. मोजा एकच घाला, पातळ आणि लांब. दोन जाड मोजे घालणाऱ्याचे पाय आधी गारठतात, कारण रक्त फिरायला जागा उरत नाही. फॉर्मवर वजन आणि कौशल्य खरं लिहा. पडल्यावर स्की बुटातून सुटण्यासाठीची कमान त्यावरून लावतात. वजन चुकवलंत तर स्की सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो. हेल्मेट आणि गॉगल घ्याच, आणि सनस्क्रीन लावा. बर्फावरून परतणारं ऊन हनुवटीच्या खालूनही भाजतं.

पहिल्या दिवशी शिक्षकाकडून शिका. मित्राकडून किंवा नवऱ्या-बायकोकडून नको. आमच्या शिक्षिकेने पहिला अर्धा तास नुसतं सपाटीवर चालायला लावलं, मग पडायला शिकवलं: बाजूला, मांडीवर, हात पुढे न टेकता. मग स्कीची टोकं जवळ आणि टाचा दूर करून वेग मारायचा. तो आकार पिझ्झाच्या तुकड्यासारखा दिसतो, मुलांना त्याच नावाने शिकवतात. नवखा माणूस घाबरला की मागे रेलतो, आणि मागे रेललं की स्की पळतात. नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबलेली ठेवा, ताबा तिथूनच मिळतो.

उतारांच्या खुणा: हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मध्यम, काळी चौकट (पत्त्यांतल्या चौकटसारखी) अवघड, दोन काळ्या चौकटी म्हणजे तिकडे बघूही नका. लिफ्टवर, म्हणजे उतारावरून वर नेणाऱ्या रोपवेच्या खुर्चीवर, बसण्याआधीच वरून हिरवी वाट उतरते का ते नकाशात बघा. तुमच्या खाली, पुढे असलेल्या माणसाचा हक्क आधी, त्याला चुकवणं तुमचं काम. थांबायचं तर कडेला, आणि वरून येणाऱ्याला दिसेल अशा जागी. झाडांच्या बुंध्याभोवती भुसभुशीत बर्फाचे खोल खड्डे असतात, त्यात डोक्यावर पडलेल्या माणसाला एकट्याने बाहेर येता येत नाही. म्हणून आखलेली वाट सोडू नका. तीन वाजता पाय थरथरू लागले की थांबा. दुखापती बहुधा थकलेल्या पायांनाच होतात.

उतारावरचं स्की जमत नसेल किंवा परवडत नसेल तर सपाटीवरचं क्रॉस-कंट्री स्की बघा. सामान हलकं, लिफ्टचं तिकीट नाही. उन्हाळ्यात ज्याने आम्हाला अडवलं होतं तो मोरेन लेकचा रस्ता हिवाळ्यात क्रॉस-कंट्रीची वाट होतो. सुमारे आठ किलोमीटर, देखाव्याच्या जागेपर्यंत चाकोरी पाडलेली असते. त्यापुढे तळ्यापर्यंत जाऊ नका, का ते पुढे येतंय.

१०. हिमस्खलन

स्की डोंगराच्या हद्दीत धोका कर्मचारी सांभाळतात. दोरीपलीकडे पाऊल टाकलंत की तो तुमच्या गळ्यात. उन्हाळ्यात निरुपद्रवी असणाऱ्या कित्येक पायवाटा हिवाळ्यात हिमस्खलनाच्या मार्गाखालून जातात. लेक ॲग्नेसची वाट आणि लेक लुईसवरूनच निघणारी ‘प्लेन ऑफ सिक्स ग्लेशियर्स’ची वाट अशाच आहेत. पुढे कुणाच्या पावलांचे ठसे आहेत म्हणून वाट सुरक्षित ठरत नाही.

हिवाळ्यात रोजचा अंदाज ॲव्हलांच कॅनडाच्या संकेतस्थळावर येतो. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. तिसरी पायरी मधली दिसते म्हणून लोक तिला ‘ठीकठाक’ समजतात. त्या दिवशी माणसाच्या वजनाने बर्फ सुटण्याची चांगलीच शक्यता असते. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाचा माग लावणारं यंत्र), शोधकाठी आणि फावडं प्रत्येकाकडे असल्याशिवाय आणि ते वापरायचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय अशा भागात जायचं नाही. नवख्यांसाठी उत्तर सोपं आहे: जाऊ नका, किंवा प्रमाणित गाइडसोबत जा.

हिवाळ्यात चालायचंच असेल तर जॉन्स्टन कॅन्यन. धबधबे गोठून निळे होतात. वाट काचेसारखी गुळगुळीत असते, म्हणून बुटाला बांधायचे काटे गावातून भाड्याने घ्या. लेक लुईसच्या काठाकाठानेही चालता येतं.

थंडीत एकमेकांची तोंडं बघत राहा. नाकाचा शेंडा, गाल, कानाची पाळी पांढुरकी आणि बधिर झाली तर ते हिमदंशाची सुरुवात आहे. ताबडतोब आत जा, उबदार तळहात ठेवा, चोळू नका. मुलं ‘थंडी वाजत नाही’ म्हणतात तेव्हाही बघा.

११. निघायच्या आदल्या दिवशी

स्कीचं सामान संध्याकाळीच परत करा, सकाळी दुकान उघडायची वाट बघत बसू नका. अस्वल-स्प्रे भाड्याचा असेल तर तोही तेव्हाच. विकत घेतलेला असेल तर विमानात नेता येत नाही आणि साध्या कचऱ्यात टाकता येत नाही. माहिती केंद्रात किंवा मुक्कामाच्या ठिकाणी विचारा. न वापरलेला असेल आणि मुदत शिल्लक असेल तर उद्या चढायला निघालेलं कुणीतरी तिथे भेटतंच, त्यांना देऊन टाका. आमचे दोन्ही डबे असेच एका तरुण जोडप्याकडे गेले. त्यांना दोन दिवसांनी सेंटिनेल पासला जायचं होतं, आणि सकाळी आठच्या आरक्षणाचं त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.